बाबांची नक्कल

बाबांना जाऊन वर्ष झालं. आज आईने त्यांचे सेफ्टी शूज कुणाला तरी द्यायला काढले आणि ऑइलच्या त्या वासाने मला रहाटणीतली बालनाट्याची ऑडिशन आठवली.

"घरातलं कुणीतरी करून दाखव," सर म्हणाले. मी चाकणहून शिफ्ट संपवून आलेले बाबा केले. कंबर धरून बसले, कण्हत एकेक बूट ओढला. पोरं खो खो हसली. दारात उभे असलेले बाबा सगळ्यांत जास्त हसले.

त्यानंतर ते घरी नेहमी ताठ, हसतच यायचे. मला वाटायचं, कंपनीत हलकं काम मिळालं असेल. आज आईला तसं म्हटलं.

"कुठलं हलकं काम गं," आई बूट पुसत म्हणाली. "आधी जिन्यात बसून राहायचे. बूटही तिथंच काढायचे. मग बेल वाजवायचे."