लिमये मास्तर आणि आयोडीनची बाटली

आमच्या रत्नागिरीच्या शाळेतल्या लिमये मास्तरांचा एक किस्सा सांगायला घ्यावा, तर मागून चार धावत येतात. ऐकणारे हसतात. मी मात्र मान खाली घालतो, कारण बहुतेक वेळा मी त्यांच्या शेजारीच होतो! ते सायन्स शिकवायचे, मी ड्रॉइंग. मांडवीला आम्ही एकाच खोलीत राहायचो. तांदळाच्या खळीचं कडक धोतर आणि कोटाच्या खिशात आयोडीनची बाटली, हा त्यांचा थाट. पिष्टावर थेंब पडला की निळंशार! मग भात असो, बटाटा असो, कोणाची सुटका नसे.

*

एकदा हर्ण्याच्या एका पोराने वर्गात सुका बोंबील आणला. मास्तरांनी थेंब टाकला, पण निळं काही होईना.

"होणारच नाही. यात प्रथिनं आहेत, पिष्ट नाही."

पोरगं हिरमुसलं. "मास्तर, म्हंजे आमचा बोंबील नापास?"

*

"पिष्ट म्हणजे साखरच, एकात एक गुंफलेली. लाळ ती गुंफण सोडवते." हे पटवायला मास्तरांनी अख्ख्या वर्गाला भाताचा घास चघळायला लावला. गोड लागेपर्यंत गिळायचा नाही! नेमके डिपोटीसाहेब तपासणीला आले. प्रश्न विचारला, तर कोणी तोंड उघडेना. शेवटी ते मागच्या बाकाकडे वळले; तिथे मी मास्तरांचा तास बघायला बसलो होतो. "तुम्ही कोण?"

माझ्याही तोंडात घास! मी नुसतंच फळ्याकडे बोट दाखवलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

*

हेडमास्तरांनी एकादशीला आम्हा दोघांना फराळाला बोलावलं. साबुदाण्याच्या खिचडीवर मास्तरांचा थेंब पडलाच. निळी! "बघा, भातात जे आहे तेच यात!"

हेडमास्तरांच्या म्हाताऱ्या आईने आपली बशी बाजूला सारली आणि ती दिवसभर पाण्यावर राहिली. माझ्या दोन बशा तोवर खाऊन झाल्या होत्या. त्यानंतर कितीतरी दिवस मी त्या घरावरून जायचं टाळलं.

*

आता आमच्या घरचा. लिमये मास्तर माझ्या धाकट्या बहिणीला, कुसुमला बघायला देवरूखला आले. सोबत त्यांचे मामा. आधीची स्थळं आमची परिस्थिती पाहूनच माघारी गेली होती, म्हणून आईने बासुंदीचा घाट घातला. पण म्हैस आटलेली, शेजारून आणलेलं दूध थोडंच. दाटपणासाठी आई त्यात तांदळाचं पीठ कालवताना मी पाहिलं. "बाटली आणू नका" असं मास्तरांना बजावलं होतं मी!

वाटी समोर आली. मास्तरांनी एक घोट घेतला, थबकले, आणि सवयीने हात कोटाच्या खिशात गेला. दारात उभ्या आईचा चेहरा उतरला. मास्तरांचे किस्से माझ्याच तोंडून ऐकून ती आणि कुसुम पोट धरून हसल्या होत्या. धरणी पोटात घेईल तर बरं, असं मला झालं.

मास्तरांनी आईकडे पाहिलं आणि हात तसाच रिकामा बाहेर काढला. पण बूच सुटलं होतं. खिशातून ओघळ आला आणि धोतरावर निळाकाळा डाग पसरत गेला.

मामा दचकले. "अरे, हे काय झालं?"

बोलली ती कुसुम, हातात पळी घेऊन. "धोतराला तांदळाची खळ आहे ना, म्हणून. आमच्या बासुंदीतही तांदूळच आहे. वाढू अजून?"

मास्तरांनी मान खाली घातली आणि वाटी पुढे केली.