उंबऱ्याबाहेरचे तात्या

तात्या गेल्याचं मला कुडाळच्या स्टँडवर कळलं. मालवणहून आलेला कंडक्टर म्हणाला, "मास्तरानू, तुमचे तात्या गेले." मी उभ्या पावली त्याच एसटीने परत निघालो. आमच्या घरात माझ्याआधी कुणी शाळा पाहिली नव्हती. तात्यांनी मला आपल्या घरी ठेवून घेतलं, म्हणून मी पदवीपर्यंत पोचलो.

तात्या देवळाचे पुजारी. पूजेची पाळी त्यांच्यात आणि चुलतभाऊ बाबल यांच्यात वाटलेली. मी कॉलेजात असताना एकदा नवरात्र तात्यांच्या पाळीत आलं आणि नेमकी दाढ काढावी लागली. डॉक्टरांनी बजावलं, "चूळ भरू नकात. खाचेत रगताची गुठळी रवाक होयी. हाडातल्या बारीक शिरा तिच्यात शिरतत, मगे थंय नवीन हाड भरता." तात्या कापूस चावत गप्प बसले. त्यांच्या पत्नी, आमच्या काकी, म्हणाल्या, "घरात कसा शांत वाटता. आणखी एक काढूक सांगा."

पण तोंडात रक्त घेऊन गाभाऱ्यात जायचं कसं? सकाळी तात्यांनी पाणी स्वच्छ पडेपर्यंत चुळा भरल्या. दोन दिवसांत कळ कानापर्यंत गेली. डॉक्टरांनी पाहिलं तर गुठळी गेलेली, हाड उघडं. त्यांनी खाच खरवडून पुन्हा रक्त आणलं.

"आता ह्या रगत जपा. पूजा बाबलाक करूक सांगा."

"एकदा त्याच्या हातात गेली, तर परत माका गावची नाय."

"मगे चुळा भरा आणि कण्हत बसा."

दुसऱ्या दिवशी तात्या सोवळं नेसून देवळात गेले आणि उंबऱ्याबाहेर बसले. आत बाबल मंत्र चुकला की हे तोंड मिटून बोटाने खुणावायचे. पुढे खाच भरली. बाबल म्हणाला, "आता भितर या, पाळी तुमची." तात्या म्हणाले, "तूच कर. देव माका हयसून बरो दिसता." ज्या पाळीसाठी एवढं सोसलं, ती त्यांनी आपणहून सोडली आणि शेवटपर्यंत तिथेच बसले. का? ज्या रक्ताने हाड भरतं तेच देवाला चालत नाही, याचा राग आला होता? की चुळा भरून देवाचंच काही आपण धुऊन टाकलं, असं वाटलं? विचारलं की नुसते हसायचे…

परवा देवळात गेलो होतो. पूजा आटोपून बाबल तीर्थाची पळी भरून उंबऱ्याशी आला, सवयीने उजवीकडे वाकला आणि तसाच थांबला. तिथे कुणीच नव्हतं. पळी कुणापुढे करावी ते त्याला समजेना. आणि मी हात पुढे करावा की नाही, ते मला…