कमल आणि माझी तीनचाकी

गेल्या महिन्यात एका सकाळी विलासभाऊंचा फोन आला. "ताई, कमल गेली..." एवढंच बोलून ते थांबले. कमल त्यांची बायको आणि माझी मैत्रीण. बोईसरच्या एका छोट्या कारखान्यात आम्ही दोघी शेजारी बसून सोल्डरिंग करायचो. ती नवापूरच्या मच्छीमार घरातली, मी बेटेगावची. फोन ठेवल्यावर रडू आलंच, पण दिवसभर कानात राहिलं ते तिचं हसणं.

लहानपणीच्या पोलिओने माझा उजवा पाय अधू झालेला. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी हाताने फिरवायच्या तीनचाकी सायकलवरून कामाला यायचे. पोचेपर्यंत खांदे भरून यायचे. आमच्याकडे कारखान्यांतल्या बॅटरीगाड्यांचे कंट्रोलर बनत, म्हणजे बॅटरीतून मोटरीला किती वीज सोडायची ते ठरवणारा डबा. कमलने एक दिवस मालकांकडून भंगारातली मोटर मागून घेतली, कंट्रोलर स्वतः जोडला आणि सगळं माझ्या सायकलला बसवलं. थोडे दिवस मी अगदी राणीसारखी कामावर आले. मग एकदा चढावर, मागून ट्रक येत असताना, गाडी बंद पडली आणि मागे घसरू लागली. रस्त्यावरचे दोन कामगार धावले. "दीदी, ब्रेक दबाके रखो!" म्हणत त्यांनी गाडी कडेला घेतली. घरी कळलं तसे वडील म्हणाले, "आता पुरे. नोकरीही नको आणि ती गाडीही नको."

रविवारी कमल आमच्या घरी हजर. सीट उचलून तिने खाली हात घातला आणि हसायलाच लागली. "मोटर चांगली हाय गं. कंट्रोलर तापला न् बंद पडला. मीच त्याला कोंडून ठेवलाय!" खाऱ्या हवेपासून आणि धुळीपासून जपायचं म्हणून तिनेच तो डबा सीटखाली रेक्झिनमध्ये गुंडाळला होता. वडिलांना म्हणाली, "काका, एकदा बघा. नाय जमलं तर मी माझ्या हाताने मोटर काढून नेईन."

मग आमच्या अंगणात तिचा संसार मांडला गेला. उष्णता ओढून हवेत सोडणारी जाड, पात्यापात्यांची ॲल्युमिनियमची पट्टी तिने आणली. काचेवर पॉलिश पेपर ठेवून पट्टीची पाठ घासघासून सपाट केली, उष्णता नीट पोचावी म्हणून मधे पांढरी पेस्ट लावून कंट्रोलरचे तापणारे भाग पट्टीवर घट्ट आवळले. डबा पाणी जाणार नाही असा बंद, पण पाती बाहेर. आणि तो सगळा प्रकार सीटखालून काढून पुढे, हँडलखाली, समोरच्या वाऱ्यात. मोटरीवरचं दातेरी चाकही तिने लहान बसवलं, चढावर कंट्रोलरवर ताण कमी यावा म्हणून. वेग कमी झाला तशी मी कुरकुरले. "तुला पोचायचं हाय की उडायचं हाय?" तिने विचारलं.

त्याच चढावर आम्ही गेलो. वडील शेजारून चालत होते. वर पोचल्यावर त्यांनी वाकून पात्यांवर हात ठेवला, तापातल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा. "कोमट आहे," म्हणाले... आणि सोमवारी जेवणाचा डबा भरून त्यांनीच माझ्या पिशवीत ठेवला.

पुढे मी त्या गाडीवरून कुठे कुठे गेले! एकदा तर एकटीच नवापूरला, कमलच्या माहेरी. तिची आई वाळत घातलेले बोंबील तसेच सोडून रस्त्यावर आली. "एकटी आलीस? आगो बाय!" कमल मागे उभी राहून नुसती बघत होती. एवढं खूश मी तिला तिच्या लग्नातही पाहिलं नाही.

परवा विलासभाऊंना भेटायला गेले. चहा करायला स्वयंपाकघरात शिरले तर फ्रिज भिंतीपासून चांगला हातभर पुढे. वाट एवढीशी उरलेली की कुबडी आडवी धरून अंग चोरून जावं लागलं. "तिनेच ठेवलाय," विलासभाऊ म्हणाले. "मागून हवा लागली पाहिजे म्हणायची. आयुष्यभर तिच्याशी भांडलो त्याच्यावरून. परवा मुलगा मागे ढकलायला निघाला होता..."

"मग?"

"मी नाय ढकलू दिला."

चहाचे कप घेऊन आम्ही दोघंही तिथून एकामागून एक, अंग चोरतच बाहेर आलो.