बिनशेताचा ट्रॅक्टर

समस्त लालबाग-परळकरांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, आमच्या चाळीतल्या फिटरकाकांकडे गुंठाभरही जमीन नव्हती आणि ट्रॅक्टर मात्र होता. दोन्ही गोष्टी शंभर टक्के खऱ्या आहेत.

काका गिरणीत फिटर होते. गिरणी गेली, हात राहिले. त्या हातांना काम हवं म्हणून त्यांनी वडाळ्याच्या भंगारातून ट्रॅक्टरचा साठ वर्षांचा एक सांगाडा आणला आणि चाळीच्या चौकात उभा केला. मग अकरा वर्षं रोज सकाळी चहा झाला की काका त्याच्याखाली आडवे. बाजारात मिळत नसलेला नट ते कानशीने घासून स्वतः करायचे. बाहेर फक्त पाय दिसायचे. पोस्टमन त्या पायांशीच बोलायचा.

शेत नसताना ट्रॅक्टर कशाला, असं मी एकदा विचारलं. खालून आवाज आला, "तुमच्या घरात देव्हारा आहे ना? मग तू काय देव आहेस?"

काकी त्याला 'माझी सवत' म्हणायच्या. पण दर पावसाळ्याआधी सवतीच्या उभ्या धुराड्यावर पत्र्याचा डबा पालथा घालायच्या त्याच.

मग चाळ पुनर्विकासात गेली. चौक रिकामा करायचा होता. काका-काकी कायमचे गावी निघाले, ट्रॅक्टरसकट. पण ट्रक गल्लीत शिरेना, कोपऱ्यावरच थांबला, आणि ढकलत न्यावा तर वाटेत चढ. म्हणजे अकरा वर्षांत एकदाही सुरू न झालेल्या ट्रॅक्टरने कोपऱ्यापर्यंत स्वतःच्या पायांनी जायला हवं होतं. नाहीतर फाटकाशी भंगारवाला गॅसकटर घेऊन उभाच होता. तुकडे करायला त्याला तासही लागला नसता.

निघायच्या दिवशी सगळी चाळ पूजेला जमली. हार झाला, हळदकुंकू झालं. धुराड्याचं तोंड अगदी कलशासारखं गोल, म्हणून त्यावर कुणीतरी नारळ ठेवला. तो कुणी ठेवला, हे मी आजवर सांगितलेलं नाही. माझ्या बोटांना कुंकू होतं, एवढं मान्य करतो.

काकांनी हँडल मारलं. काही नाही. पुन्हा मारलं. ट्रॅक्टर खोकला आणि गप्प झाला. भंगारवाल्याने कपाळावरचा गॉगल डोळ्यांवर ओढला. काकांनी तिसऱ्यांदा हँडल धरलं, तेवढ्यात काकी ओरडल्या, "अहो, थांबा! तिच्या तोंडात नारळ आहे!"

उशीर झाला होता, हँडल फिरलं होतं. तोफ उडाल्यासारखा आवाज झाला. नारळ दुसऱ्या मजल्यावर, चाळीच्या सेक्रेटरींच्या तुळशीच्या कुंडीत, शेंडी वर करून बसला. पण तिकडे बघतंय कोण? खाली इंजिन चालू होतं. अकरा वर्षं ज्याची टिंगल केली तो ट्रॅक्टर डुगडुगत होता आणि शे-दीडशे माणसं तोंड उघडं टाकून उभी होती.

काकींनी पदर खोचला आणि त्या आयुष्यात पहिल्यांदा सवतीच्या मडगार्डवर चढून बसल्या. काकांनी गिअर टाकला. चाळीकडे वळूनही न बघता ते फाटकाबाहेर पडले.

कटर तिथेच टाकून भंगारवाला मागे धावत सुटला.

"काका, कोपऱ्यापर्यंत मलापण बसवा ना!"