एकाच क्रमांकाची दोन माणसं

प्रयोगशाळेत सगळे तिला कुलूपताई म्हणत. कपाट लावलं की ती तीनदा ओढून बघायची आणि घरी पोचल्यावर चौथ्यांदा फोन करून विचारायची. इतक्या भित्र्या बाईच्या हाती कॉम्प्युटरवरची सगळी खाती सोपवली, हा मोठ्या डॉक्टरांचा शहाणपणाच म्हणायचा. अठरा वर्षांत तिच्या हातून एक चिटोरं हरवलं नव्हतं.

रिपोर्टच्या कॉम्प्युटरवर विंडोज होतं आणि त्याच्या आत युनिक्स नावाच्या दुसऱ्या प्रणालीसारखं वागणारं एक सॉफ्टवेअर. त्यात काम करणाऱ्यांची साधी यादी असे. एका ओळीत एक माणूस, आधी नाव, पुढे क्रमांक. नवं कुणी आलं की ताई जुनी ओळ उचलायची, वरती चिकटवायची, नाव बदलायची, क्रमांक बदलायची. गेल्या वर्षी तरुण डॉक्टरीणबाई रुजू झाल्या तेव्हा नाव बदललं आणि फोन वाजला. क्रमांक तसाच राहिला. सॉफ्टवेअर माणूस ओळखतं ते क्रमांकावरून, आणि त्या क्रमांकाचं यादीत वरचं जे नाव सापडेल ते दाखवतं. त्याच्या लेखी ही पोर आणि ज्यांची ओळ उचलली ते म्हातारे तंत्रज्ञ एकच होते.

सोमवारी म्हातारबुवा निवृत्त झाले. ताईने त्यांच्या नावावरचं सगळं पुसायची आज्ञा दिली. मिनिटाचं काम दहा मिनिटं चाललं. म्हाताऱ्याने काय काय साठवलं होतं देव जाणे, असं म्हणत ती चहाला गेली.

मंगळवारी सकाळी डॉक्टरीणबाईंनी लिहिलेले गाठींच्या तपासणीचे पंधरा दिवसांचे रिपोर्ट गायब. पुसलेल्या फायलींची यादी काढली, तर प्रत्येकीसमोर मालक म्हणून त्या पोरीचं नाव. मोठ्या डॉक्टरांनी तिला आत बोलावलं. असे बेफिकीर हात मला इथे नकोत, उद्या संध्याकाळपर्यंत काय ते ठरवतो, एवढंच ते म्हणाले. ती बाहेर आली आणि खाली मान घालून सूक्ष्मदर्शकाच्या काचपट्ट्या पुसत बसली.

ताईने खात्यांची यादी उघडली. दोन नावं, क्रमांक एक. नवरा दोन वर्षं घरी बसून, धाकटीचं कॉलेज अजून संपायचं. आत्ता एक आकडा बदलला तर या इमारतीत कुणालाही कधी कळणार नव्हतं. बोट कळीवर ठेवून ती कितीतरी वेळ बसली. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, हे तिला ठाऊक होतं. पण ठाऊक असून धीर येत नाही. आकडा न बदलता, तोंडही न उघडता ती घरी गेली.

बुधवारी दुपारी ती मोठ्या डॉक्टरांच्या दारात उभी राहिली.

"तिने नाही पुसलं. मी पुसलं."

तिने यादी दाखवली, आज्ञा दाखवली. डॉक्टरांनी दोन्ही ओळी बोटाने ताडून पाहिल्या. मग त्या पोरीला बोलावून म्हणाले, तुझी चूक नव्हती, काचपट्ट्या आहेत, पुन्हा बघायला घे. ताईला म्हणाले, तुमचं उद्या बघू.

ताई बाहेर आली. पोरीने तिला स्टुलावर बसवलं, पाणी दिलं.

"ताई, मला खरंच वाटलं माझ्याच हातून गेलं," ती हळूच म्हणाली. "काल रात्री आईला तसं सांगूनही टाकलं मी."