पाटाखालचा फोन

यमुनामावशीने पहिल्याच भेटीत माझा फोन पिठाच्या डब्यात टाकला. ओळख ना पाळख. सुरतेच्या डिंडोलीत राहायला येऊन मला जेमतेम आठवडा झाला होता. मी अकोल्याकडची, खापरावरचे मांडे फक्त ऐकून माहीत. गल्लीच्या तोंडाशी चुलीवर मातीचं खापर पालथं घातलेलं, आणि एक उंच, हडकुळी बाई पुरण भरलेला उंडा दोन्ही हातांवर फिरवत होती. बघता बघता तो तिच्या कोपरापर्यंत पसरला. मी फोन काढला. तिने मांडा खापरावर टाकला, पिठाच्या हाताने माझा फोन घेतला, डब्यात टाकला आणि वर झाकण लावलं. "मांडा खावासाठे ऱ्हास बाई, देखासाठे नही," म्हणाली, आणि पहिली घडी माझ्या हातावर ठेवली. दोन दिवस माझ्या फोनमधून पीठ निघत होतं.

मांडे एकटीच्याने होत नाहीत. मावशी पसरायची आणि तिची धाकटी जाऊ कमलबाई चुलीपुढे पाटावर बसून खापर सांभाळायची. मांडा कधी पालटायचा हे कमलबाईला कोणी सांगत नसे. ती बोटांनीच पालटायची, घडी घालायची, गप्प बसायची. दोघी एकाच मांडवातून धुळ्याकडच्या सासरच्या घरात आल्या आणि एकाच गाडीने सुरतेला. बोलायचं काम मावशीचं. "खापर कोनी वाट नही देखस" हे तिचं ठरलेलं वाक्य, म्हणजे खापर कोणासाठी थांबत नाही. तिचा नवरा, सगळ्यांचे नाना, लूम खात्यातून, म्हणजे मागाच्या कारखान्यातून, घरी आला की ताटली घेऊन चुलीजवळ उभाच राहायचा. पहिला मांडा त्याचा. "खापर वाट नही देखस आनि हाऊ माणूस बी नही," असं ती करवादायची, आणि तूप मात्र जास्त घालायची.

फोनवाल्यांची ती पार सालटी काढायची. शेजारची सून बाळाला फोन दाखवत भरवत होती, तर तिला म्हणाली, "पोराले चारी ऱ्हायनी का मोबाइलले?" गल्लीतली तरणीताठी मंडळी माना खाली घालून बसलेली दिसली की विचारायची, "काय हरवलं रे तिथे?" मला फार बरं वाटायचं. मी ब्लाउज शिवते. माप घेताना रील बघणाऱ्या बाया मी रोज सोसते. हात वर करा म्हटलं तर एकच करतात, दुसऱ्यात फोन असतो. मग बाही आखूड झाली की बोंब माझ्या नावाने.

नाना गेले पौषात. मावशीला घर खायला उठलं. दोन महिन्यांनी पर्वत पाटिया भागातल्या एका कापड व्यापाऱ्याकडे लग्नात मांड्यांचं काम होतं, मीही मदतीला गेले होते. तिथे कोणीतरी कॅमेरा धरला आणि म्हणालं, "मासी, थोडुं ऊंचे उडाडो ने." मांडा हातावर वाढवायचा असतो, उडवायचा नसतो, उडवणं हे धाब्यावरच्या रुमाली रोटीचं काम. पण मावशीने उडवला. कशी कोण जाणे, तिला बुद्धी झाली. तो व्हिडिओ गावोगाव फिरला, परदेशातून लोकांनी बदाम पाठवले, ते फोनवरचे लाल. अख्ख्या जगाने पाहिलेला तो मांडा खाली मातीत पडला आणि कुत्र्याने खाल्ला, हे मात्र व्हिडिओत नाही.

तिच्या मुलाने कौतुकाने फोन आणून दिला आणि आमची वाघीण त्याच डबक्यात उतरली. प्रत्येक मांड्यानंतर हात कमरेला, फोन बाहेर, "बदाम किती झाले गं?" लुगड्यावर कमरेपाशी पिठाचा पांढरा पंजा कायमचा उठलेला. कोणी लिहायचं "वाह आजी", ते ती मला तीनतीनदा वाचून दाखवायची. कोण्या रिकामटेकड्याने लिहिलं, "हात धुतले का?" तर त्या दिवशी जेवली नाही. ज्याचं नाव माहीत नाही, गाव माहीत नाही, त्याच्यासाठी उपाशी! मी एकदा म्हटलं, "मावशी, तुमचं खापर?" तर म्हणाली, "तू गप. तुले काय समजस?"  कमलबाईच्या वाट्याला मात्र अर्धेकच्चे, फाटके, उडवून पडलेले मांडे येऊ लागले.

मग आखाजी आली. खान्देशात अक्षय तृतीयेला पितरांची घागर भरतात, मांडे आणि आमरसाचा घास निखाऱ्यावर टाकतात. त्याला आगारी म्हणतात. नानांची ही पहिली घागर. पहिला मांडा त्यांचाच, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मावशीने फोन विटांवर टेकवला आणि लाइव्ह सुरू केलं. मांडा पसरला, अगदी पूर्वीसारखा, खापरावर टाकला. कमलबाईने बोटं पुढे केली. "थांब," मावशी म्हणाली, "पालटू नको, दिसत नही ऱ्हायना." ती वाकून फोन सरकवू लागली, बदाम वर चढत होते, तिचं तोंड तिकडे. कमलबाईचा हात खापरावर तसाच अधांतरी. जन्मभर मोठ्या जावेचं ऐकलेलं, तेव्हाही तिने ऐकलं.

मांडा काळा ठिक्कर पडला. धूर निघाला तेव्हा मावशी वळली. कमलबाई पाटावरून उठली, पदराला हात पुसले आणि म्हणाली, "खापर कोनी वाट नही देखस, बाई." आणि घरी निघून गेली. नानांच्या पहिल्या घागरीला सुनेने गॅसवर भाजलेली तव्यावरची पोळी पडली. मावशी भिंतीकडे तोंड करून बसली होती. मला तिचा मनस्वी राग आला होता आणि तिच्याजवळून उठवतही नव्हतं.

पुढे कित्येक दिवस चूल थंड. मावशी रोज कमलबाईच्या दारी जायची. ती चहा द्यायची, पाहुण्यारावळ्यांच्या गप्पा करायची. मांड्यांचा विषय निघाला की उठून भांडी घासायला बसायची. शेवटी मावशीने फोन तिच्या पुढ्यात ठेवला. कमलबाईने तो फडक्यात गुंडाळला, चुलीपाशी आणला, पाटाखाली सारला आणि वर बसली. "मी उठसू तवय देसू." हल्ली म्हणे ही सवय सोडवायला शिबिरं असतात, फोन काढून घेतात आणि ध्यानाला बसवतात. आमच्याकडे कमलबाई होती.

सोपं गेलं नाही. पाटाखाली फोन गुरगुरला की मावशीचा हात कमरेला जायचा, रिकामा परत यायचा. चिडायची, लाकडांवर खेकसायची, माझ्याशी तर विनाकारण भांडली. एकदा म्हणाली, "कमल, लाकडं ओली शेत, कोरडी आण." कमलबाई जागची हलली नाही. "तूच आण." मावशी आणायला गेली आणि वाटेतच हसत सुटली. पावसाळा सरेपर्यंत तिच्या लुगड्यावरचा तो पिठाचा पंजा दिसेनासा झाला. मांडा पुन्हा कोपरापर्यंत येऊ लागला.

दिवाळीनंतर दोन दिवसांच्या तापाने ती गेली. तिरडी उचलायच्या आत गल्लीच्या ग्रुपवर "भावपूर्ण श्रद्धांजली" आली, खाली तोच मांडा उडवणारा व्हिडिओ, वर रडकं गाणं. लोकांनी बदाम टाकले. तिच्या हातचं कधी खाल्लं नाही त्यांनीही टाकले. स्मशानातही एकाने फोन उगारला होता. त्याला मी काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

यंदाच्या आखाजीला मावशीची पहिली घागर. कमलबाईने मला बोलावलं. "तू पसर." मावशीने हौसेने दोनचारदा माझ्या हातावर उंडा दिला होता, तेवढंच माझं शिक्षण.  मावशीच्या मुलाने फोन वर केला. गावाकडच्या नातेवाइकांना बघायचं होतं म्हणे. कमलबाईने त्याच्याकडे पाहिलंही नाही. पाटावरून जरा वर झाली आणि हात पुढे केला. त्याने फोन दिला. तो पाटाखाली गेला, ती बसली.

माझा मांडा जाड झाला, एका कडेला फाटला. मी तो खापरावर टाकला. पाटाखाली फोन गुरगुरत होता. कमलबाईने बोटांनी मांडा पालटला, घडी घातली, तूप जरा जास्त सोडलं आणि मुलाच्या हातात दिला. त्याने घास निखाऱ्यावर टाकला. घास अजून गरम होता.