पालखी आली तेव्हा घर बंद होतं

गेल्या शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी आमच्या गावच्या घरी आली तेव्हा दाराला कुलूप होतं. किल्ली वडिलांच्या, म्हणजे अण्णांच्या, खिशात होती आणि ते रत्नागिरीत माझी वाट बघत बसले होते. मी सायकलवर, पावस गावच्या रस्त्याला, चढात होतो.

चारचाकी गाडी मीच हौसेने घेतली होती. सुरुवातीला कारण लागायचं नाही. चहा प्यायला थेट सावर्ड्यापर्यंत जाऊन यायचो. पुढे हायवेचं काम निघालं, आणि क्लच दाबत रांगेत बसून अंग आंबायला लागलं. एका सहकाऱ्याने सायकलवाल्यांच्या गटात नेलं. पहिल्याच चढाला मला उलटी झाली. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो. गाडीवर धूळ बसत गेली आणि अण्णांचं गावी जाणं माझ्या सवडीवर आलं. गुडघ्यांमुळे एस.टी.ची पायरी त्यांना जड जाते.

"सायकलला मागे कॅरिअर लावून घे," आई म्हणायची. "ह्यांनाही नेता येईल."

पालखी येते तेव्हा घर उघडं लागतं; घरच्या माणसाने देवीची ओटी भरायची असते. आमची वाडी शेवटची, त्यामुळे पालखी दुपार टळल्यावर येते. त्या वर्षी सुरुवात आमच्याच वाडीपासून करायची ठरली. तसा गावातून आदल्या संध्याकाळी फोन आला. मी टायरमध्ये हवा भरत होतो. "हो, येतो," म्हणून ठेवला. अण्णांना सांगायचं राहिलं.

सकाळी घामाघूम परतलो तेव्हा ते इस्त्रीचा सदरा घालून, ओटीची पिशवी मांडीवर घेऊन बसले होते.

"झाला का घाट चढून?"

"पाच मिनिटांत निघू, अण्णा."

"सावकाश आटप. आपल्याकडे दुपारनंतरच येते."

तेव्हा मला फोन आठवला. मी आंघोळीला गेलो. वाटेतही काही बोललो नाही.

गावी पोचलो तर अंगणात गुलाल पडलेला होता. शेजारच्या काकू पुढे आल्या.

"पालखी थांबली हो दारात. हाका मारल्या, मग पुढे नेली. भावोजी, काल फोन केलेला ना तुम्हाला?"

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं.

"केलेला," ते म्हणाले. "मीच विसरलो."

त्यांनी कुलूप काढलं आणि ओटीची पिशवी आत देवापाशी नेऊन ठेवली.

यंदा पालखीच्या आदल्या दिवशी मी सायकलवरून परतलो तेव्हा अण्णा एस.टी.ने गेले होते. पोचल्याचा फोन त्यांनी आईला केला.